जंगमकाकांची जोडणी

"काका, हार घालायच्या आधी एकदा पानं लावायचा प्रोग्राम उघडून बघते. दोनच मिनिटं."

"मुहूर्त टळतोय शैला," जंगमकाका म्हणाले, आणि त्यांनी झेंडूचा हार सर्व्हरच्या कपाटावर चढवलासुद्धा.

हार चढला आणि माझे हात बांधले गेले. आमच्या प्रेसची रीतच होती तशी. खंडेनवमीला ज्या हत्याराची पूजा झाली, त्याला दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. छपाईचं मशीन, कटिंगचं मशीन, तवनाप्पा फोरमनचा पाना आणि बऱ्याच वर्षांपासून आमचा सर्व्हरसुद्धा. दोन दिवस पेपर बंद असायचा, त्यामुळे कुणाचं काही अडतही नसे. काकांनी कपाटाला हळदकुंकू लावलं, तवनाप्पानं नारळ फोडला, मालकांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि मुकाट्यानं घरी गेले.

मी तेव्हा सांगलीतल्या एका सायंदैनिकात होते. पेपरचं नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून गावात मिरवतात. शैलजा आरवाडे, वय तीस, नवऱ्याला सोडून आलेली, तोंडाची फटकळ, ही माझी तिथली ओळख. टायपिस्ट म्हणून चिकटले होते. कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं शिकवलं ते मधुकर जंगमांनी. आमची सगळी यंत्रणा त्यांनी एकट्यानं उभी केली होती. मला ते लेकीसारखं वागवायचे. डबा खाल्ला की मी त्यात पाणी घालून ते पिऊन टाकते, आमच्या आईनं लावलेलं वळण. त्यावरनं काका रोज चिडवायचे, "ह्या जैनांच्या पोरींनी भांडीवालीच्या पोटावर पाय आणला बघा!"

आमची ऑपरेटिंग सिस्टीम फुकटात मिळणारी होती. फुकटातली म्हणजे हलकी नव्हे हं. तिचा सगळा सोर्स उघडा मिळायचा, आणि नवी आवृत्ती आली की तो उतरवून घेऊन आपल्याच मशीनवर मुळापासून बांधायचा. बाजारचं पीठ न आणता गहू आणून घरच्या जात्यावर दळावं, तसला प्रकार. हे दळण काका दर दोनतीन वर्षांनी एकटे दळायचे, खोलीचं दार लावून. मला चहा ठेवण्यापुरतं आत घेत. मला वाटायचं, कामात लक्ष लागावं म्हणून दार लावत असतील. भाबडी होते.

त्या वर्षी छपाईच्या प्लेटा काढायचं नवं मशीन आलं आणि ते जुन्या आवृत्तीशी बोलेचना. अपग्रेड करणं भागच होतं. काका तर महिनाअखेरीला निवृत्त होणार. मालकांनी, म्हणजे शांतिनाथ उपाध्यांनी, आम्हां दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"हे अपग्रेड शैलजा करेल," मालक म्हणाले. "दसऱ्यानंतरचा पहिला अंक हिनं वेळेत काढून दाखवला, तर जंगम, तुमची खुर्ची हिला. नाही जमलं तर तुम्हांलाच आणखी दोन वर्षं थांबवून घेतो. काय म्हणताय?"

"उत्तम," काका म्हणाले. "पोरगी तयार आहे."

मी हवेतच गेले. टायपिस्टची मी सिस्टीमची प्रमुख होणार! घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता भाऊ-भावजयीचं तोंड बघायला नको तुला." तिला जे कळलं ते मला वेगळं सांगायला नको होतं. त्या खुर्चीवर माझं आयुष्य टांगलेलं होतं.

सोर्स उतरवण्याआधी मी काकांना स्वच्छ विचारलं होतं. "काका, ह्यात आपण आपलं काही जोडलेलं आहे का? असेल तर सांगा, नव्यात आधी घालून घेते."

"आपलं कशाला असेल त्यात? स्वच्छ सोर्स उतरव, बांध, बसव."

काकांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी ब्रह्मवाक्य. उतरवला, बांधला, बसवला. खंडेनवमीच्या सकाळी मशीन नव्या आवृत्तीवर उठलं, सगळं हिरवंगार दिसत होतं. फक्त पानं लावायचा प्रोग्राम उघडून बघायचा राहिला, तेवढ्यात तो हार. बसवण्याआधी माझ्या मनानं मी एक गोष्ट तेवढी केली होती: जुन्या सगळ्या लायब्ऱ्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली होती. हे काकांना सांगितलं नव्हतं. हसले असते म्हणून.

दसरा झाला. एकादशीला सकाळी मी हार उतरवला, नमस्कार केला आणि पानाचा प्रोग्राम उघडला. तो उघडलाच नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि प्रोग्राम जागच्या जागी मेला. सिंबॉल सापडत नाही, असं ती ओळ म्हणत होती. आणि पुढे त्या हरवलेल्या सिंबॉलचं नाव: एमजे_जोडणी.

ज्यांना ह्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. लायब्ररी म्हणजे घरातला मसाल्याचा डबा. प्रत्येक भाजी स्वतःची मोहरी स्वतः घेऊन येत नाही, डब्यातली घेते. प्रोग्रामही तसाच लायब्ररीतनं हवं ते नाव घेऊन मागतो, आणि त्या नावालाच आमच्यात सिंबॉल म्हणतात. नाव सापडलं नाही की चूलच पेटत नाही. आमच्या प्रोग्रामला मराठी जोडाक्षरं नीट बसवणारी एक जोडणी लागायची, आणि ती सिस्टीमच्या मुख्य लायब्ररीत असायची. मी बसवलेल्या कोऱ्या करकरीत लायब्ररीत ती नव्हती, कारण ती मूळ सोर्सवाल्यांची नव्हतीच. एमजे म्हणजे कोण हे शेंबड्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं.

पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? बिचारे काका. वय झालं, विसरले असतील. लगेच मोबाईल लावला, तर बंद. घरी लावला.

"हरिपूरला गेलेत गं, संगमेश्वराला," काकू म्हणाल्या. "फोन बंदच ठेवलाय आज. देवाच्या दारात कटकट नको म्हणाले. काही निरोप?"

"नुसतं सांगा, शैलाचा फोन होता."

एवढंच बोलले मी. हे लक्षात ठेवा.

तोवर तवनाप्पा दारात. "ताई, प्लेटा कवा देताय? दीडची जतची गाडी काय थांबायची न्हाई."

"देते हो. जरा अडलंय."

"अडलंय?" त्याच्यामागनं मालकांचाच आवाज आला. "शैलजा, पुरात पेपर चुकला नाही आपला. छातीएवढ्या पाण्यातनं गठ्ठे काढलेत ह्या तवनाप्पानं."

"व्हय की. डोस्क्यावर घेऊन," तवनाप्पा म्हणाला.

"आणि आज चुकला तर, मालक?" मी विचारलं.

"तर जंगम. शब्द दिलाय मी."

ते गेले. ती जोडणी नव्यानं लिहायची तर महिने गेले असते. जुनी सिस्टीम परत बसवायची तर दिवस गेला असता, आणि वर नवं प्लेटांचं मशीन मुकं झालं असतं. खाली मशीनवाले रिकामे बसून तंबाखू मळत होते, त्यांचे आवाज वर येत होते. मी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं. आईचा चेहरा आठवला आणि स्वतःलाच म्हटलं, शैले, रडायचं तर संध्याकाळी रड.

मग डोक्यात आलं, सगळ्या घराला नवा डबा मिळाला तर मिळू दे. ह्या एकट्या प्रोग्रामला जुन्या डब्यातलं वाढायला कुणाची ना आहे? माझ्याकडे नक्कल होती की! मी दुसऱ्या डिस्कवरची जुनी मुख्य लायब्ररी काढली, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि प्रोग्रामला सांगितलं, आधी इथं शोध. पुन्हा मेला. जुनी एक आणि बाकीच्या नव्या, त्यांचं एकमेकींशी जमेना. सासू जुनी आणि सुना नव्या. मग सगळ्याच्या सगळ्या जुन्या लायब्ऱ्या त्या फोल्डरमध्ये आणून ठेवल्या आणि पुन्हा चालवून बघितला.

उघडला! 'शहरात सीमोल्लंघन उत्साहात' हा मथळा पडद्यावर आला, एकही मात्रा इकडची तिकडे न होता. मी खुर्चीतनं उठून ओरडले, "तवनाप्पा, या हो, प्लेटा घ्या!"

"लई भारी ताई!" तो जिन्यावरनं ओरडला. प्लेटा खाली गेल्या, मशीनची घरघर सुरू झाली. तसा गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आणि तेव्हा जंगमकाका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, हातात आपट्याची पानं.

"आलो गं आलो. काळजी करू नको," दारातूनच म्हणाले. "जोडणीचं अडलंय ना? ऊठ बघू."

मी उठले. इतक्या वर्षांची सवय, काका ऊठ म्हणाले की उठायचं. ते खुर्चीत बसले आणि त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. पडद्यावर अख्खं पान उघडं होतं. त्यांचा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

"हे कसं काय चाललं?"

"काका," मी म्हटलं, "जोडणीचं अडलंय हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

त्यांनी आपट्याची पानं टेबलावर ठेवली.

"काकूंना मी कामाचं एक अक्षर बोलले नाही. तवनाप्पाला जोडणी कशाशी खातात ते ठाऊक नाही. मग तुम्हांला काय, संगमेश्वरानं कौल दिला?"

त्यांचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला. खिशातून पेनड्राईव्हचं लाल टोक डोकावत होतं.

"देवाला जाताना पेनड्राईव्ह घेऊन जातात होय? आणा इकडं."

त्यांनी मुकाट्यानं काढून दिला. मी लावला. आत एकच गोष्ट होती: एमजे_जोडणीचा सोर्स, जय्यत तयार. इतकी वर्षं दार लावून काका काय करत होते ते मला त्या मिनिटाला कळलं. सिस्टीमच्या मुख्य लायब्ररीत दर वेळी हातानं स्वतःची पुडी घालायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. आणि तो हार! मुहूर्त कसला टळत होता? मी प्रोग्राम उघडला असता तर खंडेनवमीलाच सगळं बाहेर आलं असतं, आणि मला दोन दिवस हातात मिळाले असते. मला रडू आलं नाही. राग आला.

"तोंडावर 'पोरगी तयार आहे' म्हणालात आणि पाठीमागे हे?"

"घरी बसलो की संपलो गं मी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू तरुण आहेस. तुला कुठंही मिळेल."

"मला कुठंही मिळत असतं तर मी इथं टायपिंग करायला आले असते?"

तेवढ्यात मालक आले, हातात ओल्या शाईचा अंक. खुर्चीत जंगम बसलेले बघितले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वाटलंच मला! जंगम आले आणि पेपर निघाला!"

"मालक," मी मध्येच म्हटलं, "पेपर ह्यांनी नाही काढला, मी काढला. हे यायच्या आधी प्लेटा खाली गेल्या होत्या. तवनाप्पाला विचारा."

तवनाप्पा मागोमाग आलाच होता. "व्हय मालक, ताईनीच..."

"तू खालचं बघ जा, गठ्ठे बांध," मालक म्हणाले. तो माझ्याकडे बघत गेला.

"आणि दुसरं ऐका," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पण चढला तर चढला. "जे अडलं ते ह्यांनी मुद्दाम लपवलेलं होतं. मी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. मला पूजेआधी तपासू दिलं नाही. मी तोंडघशी पडावं आणि ह्यांनी येऊन सोडवावं, म्हणून खिशात घेऊन फिरत होते. हा बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मालकांनी पेनड्राईव्ह हातात घेतला. उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे आज जे अडलं होतं ते ह्यात आहे?"

"हो."

"आणि हे जंगमांच्या खिशात होतं?"

"हो मालक! त्यांनाच विचारा."

मालकांनी जंगमांना काही विचारलं नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग मी दुसरं काय म्हणतोय? अख्खा पेपर ह्या माणसाच्या खिशात आहे! असा माणूस घरी बसवायचा? उद्या हे गेले आणि पुन्हा अडलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"माझ्या! मी सोडवलंय ते. ह्याला न लावता सोडवलंय!"

"सोडवलंस ना, शाबास आहे तुझी. पण तुला शिकवलं कुणी?" मालक हसले. "बाईमाणसानं एवढं तापू नये. जंगम, दोन वर्षं तुम्ही कुठं जायचं नाही."

जंगम खाली मान घालून बसले होते. मालकांना तो विनय वाटला.

मालक पेनड्राईव्ह त्यांच्या हातात ठेवून गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो. काका उठले आणि आपट्याचं पान माझ्यापुढे धरलं. "सोनं घे शैला. माझ्यानंतर सगळं तुझंच आहे."

"ठेवा ते खिशात," मी म्हटलं, आणि माझी पिशवी उचलली.

पुढच्या आठवड्यात मला छोट्या जाहिरातींच्या टेबलावर बसवलं. पाहिजेत, विकणे आहे, हरवले आहेत. दिवाळीपर्यंत दिवस काढले कसेबसे, मग सोडलं. कोल्हापुरात एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागले. पगार बेताचा, खोली भाड्याची. आई भावाकडेच राहिली आणि भावजयीची बोलणी खातखातच गेली. तिला माझ्याकडे आणीन आणीन म्हणत होते. दोन माणसांची खोली मला परवडायला लागली तेव्हा आई नव्हती. हे मी जंगमांच्या नावावर मांडते. लोक म्हणतात सोडून दे. मी नाही सोडत.

गेल्या वर्षी तवनाप्पाच्या नातीचं लग्न होतं मिरजेला. पंगतीत शेजारी कोण येऊन बसावं? जंगमकाका. पार वाकलेले, कानात मशीन.

"ओळखलंस का?"

"न ओळखून सांगते कुणाला."

भात वाढून झाला. ते पानाकडे बघत म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय तुला. तो पेनड्राईव्ह मी त्याच आठवड्यात लावून बघितला. बांधला जाईचना. नव्या आवृत्तीत त्या लायब्ररीची आतली मांडणीच बदललेली. माझं त्यात बसेना."

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी तू नसतीस तर पेपर चुकला असता. मला नसता काढता आला."

"आणि मग पुढं? दोनाची सहा वर्षं केलीत म्हणे तुम्ही."

"तुझ्या जुन्या लायब्ऱ्यांवरच चालवला. पेपर बंद पडेपर्यंत. कधी हात लावायचं धाडस नाही झालं. खंडेनवमीला हार त्याच डिस्कला घालत होतो."

"मालकांना सांगितलंत हे?"

"मालक गेले गं."

"ते आत्ता गेले. सहा वर्षं समोर बसत होते, तेव्हा?"

त्यांना ऐकू आलं होतं. मशीन कानातच होतं. त्यांनी मान वळवून वाढप्याला हाक मारली, त्याच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या पानात दोन जिलेब्या वाढल्या.

"घे," म्हणाले. "गरम आहेत."

त्या दोन्ही पानात तशाच टाकून मी उठले.